बांडगूळ आणि चंदन

प्रस्तावना

एखादा धडधाकट माणूस स्वतः काही न करता दुसऱ्याच्या जिवावर जगू लागला, की मराठीत त्याला 'बांडगूळ' म्हणतात. याउलट, इतरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाविषयी 'तो चंदनासारखा झिजला' असे आदराने म्हटले जाते. एक शब्द शिवीसारखा, तर दुसरा गौरवाचा. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात मात्र ही दोन्ही नावे शेजारी शेजारी येतात. बांडगूळ आणि चंदन एकाच गणातील वनस्पती आहेत, आणि दोन्ही आपल्या अन्नपाण्याचा काही भाग दुसऱ्या झाडाकडून घेतात. एक फांदीवर बसून उघडपणे घेते. दुसरे जमिनीखाली, कोणाच्या नजरेस न पडता घेते. परजीवी कसे जगतात, ते यजमानाला कसे शोधतात आणि माणसाने त्यांच्याशी कसा व्यवहार केला, याची माहिती या पाठात दिली आहे.

मूळ पाठ

बेंगळुरू शहराच्या दक्षिण भागात जे. पी. नगर ही मोठी वसाहत आहे. तिचे नाव जयप्रकाश नारायण यांच्यावरून पडले आहे. नोकरी-व्यवसायासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबेही येथे राहतात. या शहरातील इतर वसाहतींप्रमाणे येथेही रस्त्यांच्या कडेने मोठी झाडे आहेत. पानगळीच्या दिवसांत अशा एखाद्या झाडाकडे वर पाहिले, तर कधी कधी एक गोष्ट लक्ष वेधून घेते. सारे झाड निष्पर्ण झालेले असते, पण एका फांदीवर जाड, हिरव्या पानांचा झुबका तसाच असतो. त्याची पाने झाडाच्या पानांसारखी नसतात. त्याला लांबट नळीसारखी, नारिंगी-तांबूस फुले येतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला ती त्याच झाडाची एखादी सतेज फांदी वाटते. ते असते बांडगूळ.

बांडगुळाला जमिनीत मुळे नसतात. त्याचे बी फांदीवर रुजते, सालीला चिकटते आणि सालीतून आत शिरून थेट लाकडापर्यंत पोहोचते. या शिरणाऱ्या भागाला चूषक मूळ म्हणतात. यजमान झाडाच्या मुळांनी जमिनीतून ओढलेले पाणी आणि क्षार लाकडातून वर चढत असतात. चूषक मूळ त्यांतील वाटा वळवून घेते. मात्र बांडगुळाची पाने हिरवी असतात आणि सूर्यप्रकाशात ती स्वतःचे अन्न तयार करतात. म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. पाण्याच्या बाबतीत ते परावलंबी असते. अन्नाच्या बाबतीत बऱ्याच अंशी स्वावलंबी असते.

आता प्रश्न असा पडतो, की जमिनीवर कधीच न रुजणारे हे बी उंच फांदीवर पोहोचते कसे? या प्रश्नाचे उत्तर कोकणात शोधले गेले. ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी कोकणातील बांडगूळ आणि त्यावर येणारे पक्षी यांचे निरीक्षण करून १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. बांडगुळाच्या फुलांवर मध पिण्यासाठी शिंजीर येतात आणि त्यांच्याकडून परागीभवन होते. फळे खातो तो फुलटोच्या. हा पक्षी चिमणीहूनही लहान असतो. फळातील बियांभोवती अतिशय चिकट गर असतो. तो पचत नाही. बी थोड्याच वेळात चिकटपणासह बाहेर पडते आणि सहजासहजी सुटत नाही. मग फुलटोच्या फांदीवर अंग घासून ते पुसून टाकतो. बी जेथे पुसले जाते, तेथेच चिकटून राहते. पेरणीसाठी याहून नेमकी जागा शोधून सापडणार नाही! एकदा बांडगूळ आलेल्या झाडावर फुलटोच्या पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे त्याच झाडावर आणि शेजारच्या झाडांवर नवे झुबके वाढत जातात.

कोकणातील आंबा बागायतदाराला हा पाहुणा परवडत नाही. बांडगूळ जेथे चिकटते तेथे फांदीला गाठ येते. गाठीच्या पुढील भागाला पाणी कमी पडू लागते, तो रोडावतो आणि काही वर्षांनी वाळतो. फळ धरणाऱ्या फांद्या अशा गेल्या, तर उत्पन्न घटते. पुष्कळ जण नुसता हिरवा झुबका तोडून समाधान मानतात. पण चूषक मूळ लाकडात शिल्लक राहते आणि त्यातून पुन्हा फुटवे येतात. म्हणून गाठीच्या खाली, निरोगी भागात फांदी कापावी लागते आणि तेही बांडगुळाची फळे पिकण्यापूर्वी. फळे पिकली की फुलटोच्याचे काम सुरू झालेच म्हणून समजावे.

तरीही बांडगूळ केवळ उपद्रवी आहे, असे म्हणून त्याला मोडीत काढता येणार नाही. 'हळदीकुंकू' हे सुंदर मराठी नाव लाभलेले एक फुलपाखरू आहे; त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूवर पिवळ्या आणि तांबड्या रंगांचे ठसे असतात. या फुलपाखराची मादी बांडगुळाच्या पानांवर अंडी घालते आणि तिच्या अळ्या तीच पाने खाऊन वाढतात. म्हणजे झाडावर जगणारे बांडगूळ आणि त्या बांडगुळावर जगणारी अळी, अशी ही साखळी आहे. परिसरातील सारी बांडगुळे नाहीशी झाली, तर हळदीकुंकूही तेथून दिसेनासे होईल.

चंदनाची गोष्ट अधिक नवलाची आहे. बेंगळुरू आणि म्हैसूरभोवतीचा कोरडा प्रदेश हा चंदनाचा मुलूख. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवून त्यावर राज्याचा हक्क सांगितला, आणि पुढे म्हैसूरच्या राजांनी व सरकारांनी तो हक्क चालू ठेवला. पहिल्या महायुद्धात चंदनाच्या लाकडाची परदेशी निर्यात थांबली, तेव्हा १९१६ साली म्हैसूर येथे चंदनतेलाचा सरकारी कारखाना उभा राहिला. हे सारे होत असताना ज्या झाडावर एवढा व्यवहार चालला होता, त्याचा स्वभाव फार थोड्यांना माहीत होता. चंदनाची मुळे इतर वनस्पतींच्या मुळांना चिकटतात, हे जॉन स्कॉट या वनस्पतितज्ज्ञाने १८७१ साली निदर्शनास आणले होते. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सी. ए. बार्बर यांनी मद्रास इलाख्यात या जोडणीचा बारकाईने अभ्यास केला.

चंदनाचे बी स्वतःच्या बळावर रुजते. बियांतील साठ्यावर रोप काही काळ तगते. मात्र पुढे त्याची मुळे शेजारच्या मुळांच्या शोधात पसरू लागतात. एखादे मूळ सापडले, की त्यावर लहान गुंडीएवढी चकती तयार होते. ती त्या मुळाला घट्ट बिलगते आणि तिच्या मध्यातून चूषक आत शिरते. चंदनाची पानेही हिरवी असतात, म्हणून तेही अर्धपरजीवीच. त्याचे यजमान तीनशेहून अधिक जातींचे असल्याच्या नोंदी आहेत. गवतापासून मोठ्या वृक्षांपर्यंत कोणाच्याही मुळांशी ते सोयरीक जोडते. तूर, करंज, बाभूळ, सुरू यांसारख्या, हवेतील नत्र मुळांच्या गाठींत साठवणाऱ्या वनस्पती त्याला विशेष मानवतात.

हे ज्ञान केवळ पुस्तकी नाही. चंदनावरील सरकारी मालकीमुळे आपल्या शेतात आपोआप उगवलेले रोप वाढवण्यात शेतकऱ्याला लाभ नव्हता, जोखीम मात्र होती. कर्नाटकात २००१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि खासगी जमिनीतील चंदनाचा मालक जमीनधारक ठरला. त्यानंतर कर्नाटकात, आणि पुढे महाराष्ट्रातही, अनेक शेतकरी चंदनाच्या लागवडीकडे वळले. आंबा किंवा डाळिंब लावावे तसे काहींनी चंदन एकट्याने लावले, भोवतीचे तण खणून जमीन स्वच्छ ठेवली आणि खतपाणीही केले. तरी रोपे पिवळी पडत गेली. रोपाच्या मुळांना धरायला दुसरे मूळच ठेवलेले नव्हते! जाणती रोपवाटिका चंदनाच्या पिशवीतच तुरीचे बी टोचते. शेतात लावतानाही चंदनाशेजारी टिकाऊ यजमान वृक्ष लावतात. चंदनाच्या गाभ्याला सुगंध धरायला पुष्कळ वर्षे लागतात, म्हणून पहिल्या वर्षी झालेली चूक शेतकऱ्याला फार महागात पडते.

आणि स्वतः परजीवी असलेल्या या चंदनालाही एक परजीवी सतावतो. कोडगू भागात १८९९ साली चंदनाच्या झाडांवर एक विचित्र रोग आढळला. पाने दिवसेंदिवस बारीक होत जातात, फांद्यांवर काट्यांसारखी उभी राहतात आणि झाड एक-दोन, फार तर तीन वर्षांत मरते. यालाच स्पाइक रोग म्हणतात. पेशीभित्तिका नसलेले, जिवाणूंच्या जातीचे अतिसूक्ष्म जीव झाडाच्या अन्नवाहक नलिकांत राहून हा रोग घडवतात आणि रस शोषणारे कीटक त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. या रोगाने दक्षिणेतील चंदनवनांची मोठी हानी केली आहे.

बांडगूळ आणि चंदन निदान स्वतःचे अन्न शिजवतात. अमरवेल तेवढेही करत नाही. कुंपणावर, बोरीवर किंवा मेंदीवर पिवळ्या दोऱ्यांचे जाळे टाकल्यासारखी ही वेल दिसते. तिला मूळ नाही, पान नाही, हिरवेपणा जवळजवळ नाही. ती पूर्ण परजीवी आहे. तिचे बी जमिनीत रुजते, पण अंकुराला काही दिवसांतच यजमान सापडला नाही तर तो मरतो. अमरवेलीच्या एका जातीचा अंकुर टोमॅटोच्या रोपाच्या गंधाकडे वळत वाढतो, असे अमेरिकेतील संशोधकांनी २००६ साली प्रयोगाने दाखवले. लसूणघासाच्या शेतात हिचे बी चाऱ्याच्या बियाण्यातून येते, म्हणून बियाणे पारखून घेणे हाच तिच्यावरचा खरा उपाय.

जमिनीखालचे परजीवी यांहून कठीण. ज्वारीच्या शेतात काही ठिकाणी ताटे अकारण खुरटतात, भर पाण्यातही कोमेजल्यासारखी दिसतात. काही आठवड्यांनी त्यांच्या बुंध्याशी बारीक, पांढऱ्या फुलांची लहान रोपे उगवतात. हा टारफुला. तो वर दिसू लागतो तोवर खाली जमिनीत ज्वारीच्या मुळांशी त्याची जोडणी होऊन पुष्कळ नुकसान झालेले असते. त्याचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. एका रोपाला हजारो बिया येतात आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षे निजून राहतात. निप्पाणीच्या तंबाखूच्या मळ्यांना असाच उपद्रव देणारे बंबाखू हे तण जमिनीतून एकाएकी फिकट कोंब काढते. त्यात हिरवेपणाचा अंशही नसतो.

टारफुल्याचे बी कोणत्याही पावसात रुजत नाही. जवळ यजमानाचे मूळ आहे, अशी खूण मिळाली तरच ते जागे होते. ती खूण म्हणजे मुळांतून पाझरणारे एक रसायन. १९६६ साली संशोधकांना ते प्रथम सापडले तेही ज्वारीच्या नव्हे, तर कपाशीच्या मुळांपाशी! वनस्पती स्वतःच्या शत्रूला बोलावणारे रसायन का पाझरवील, हे कोडे पुढे जवळजवळ चाळीस वर्षे सुटले नाही. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले, की या रसायनाने वनस्पती जमिनीतील उपकारक बुरशीला हाक मारत असते. ही बुरशी मुळांशी जोडली जाऊन त्यांना स्फुरद मिळवून देते. मित्रासाठी घातलेली हाक टारफुला चोरून ऐकतो. कपाशीची हाक ऐकूनही त्याचे बी रुजते, परंतु कपाशीच्या मुळावर त्याचा जम बसत नाही आणि अंकुर उपासमारीने मरतो. म्हणूनच ज्वारीच्या शेतात फेरपालट म्हणून कपाशीसारखे पीक घेतल्याने जमिनीतील बियांचा साठा कमी होतो. टारफुल्याला दाद न देणारे ज्वारीचे वाण तयार करणारे इथिओपियाचे शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांना २००९ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

वनस्पतींकडून प्राण्यांकडे वळले, की हा विषय आपल्या अंगालाच भिडतो. गाईम्हशींच्या अंगावरील गोचीड, मुलांच्या पोटातील जंत, पावसाळी रानातील जळू हे सर्वांच्या परिचयाचे. पण ग्रामीण महाराष्ट्राच्या स्मरणात ज्याने सर्वाधिक भय कोरून ठेवले, तो परजीवी म्हणजे नारू. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाण्यात उतरून घागरी भरत, तेथे नारूचे राज्य असे. त्या पाण्यात सूक्ष्म जलपिसवा असतात आणि त्यांच्या पोटात नारूच्या अळ्या. पाण्याबरोबर त्या माणसाच्या पोटात जात. सुमारे वर्षभर रुग्णाला काहीच कळत नसे. या काळात मादी कृमी मीटरभर लांबीपर्यंत वाढे आणि बहुधा पायाच्या कातडीखाली येऊन बसे. तेथे आग होणारा फोड येई. आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवी, आणि त्याच क्षणी फोड फुटून मादी असंख्य अळ्या पाण्यात सोडी. वेदनेवर उतारा म्हणून केलेली कृतीच पुढल्या रुग्णांची सोय करून ठेवी.

नारूवर औषध नव्हते, लस नव्हती. दिसणारे टोक काडीला गुंडाळून रोज थोडे थोडे ओढायचे. असे कित्येक आठवडे चाले. घाईने तो तुटला तर जखम चिघळे. पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळे आणि त्या वर्षीचे पीक हातचे जाई.

पण या कृमीची एक कमकुवत बाजू होती. माणूस नारूचे पाणी प्यायला नाही, तर त्याची साखळी तेथेच तुटते. भारत सरकारने १९८०च्या दशकाच्या आरंभी नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. पायऱ्यांच्या विहिरी बांधून काढून त्यांवर रहाट बसवणे, हातपंप देणे, पाण्यात जलपिसवा मारणारे औषध टाकणे, पाणी दाट कापडातून गाळून घेणे आणि फोड आलेल्या माणसाला पाण्यात उतरू न देणे, एवढाच तो कार्यक्रम. यांत रुग्णालयापेक्षा पाणवठ्याचे काम अधिक होते, आणि घागरीच्या तोंडाला फडके बांधणाऱ्या स्त्रियांचा वाटा त्यात सर्वांत मोठा मानला पाहिजे. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. १९८०च्या दशकाच्या मध्यास जगात दरवर्षी लाखो लोकांना नारू होत असे. २०२४ साली जगभरात मिळून १५ मानवी रुग्णांची नोंद झाली. तरी काम संपलेले नाही, कारण आफ्रिकेतील चाड या देशात नारू कुत्र्यांमध्येही आढळला.

परजीवी नेहमी माणसाच्या विरुद्ध बाजूलाच असतो असे नाही. याचे उत्तम उदाहरण बेंगळुरूतच घडले. मूळचा मेक्सिकोकडील पपईचा पिठ्या ढेकूण २००८ साली तामिळनाडूत कोइमतूर येथे आढळला आणि पाहता पाहता दक्षिणेतील राज्यांत व महाराष्ट्रात पसरला. पपईची झाडे कापसासारख्या पांढऱ्या थराने झाकून जात. तुतीवर तो आल्याने रेशीम उत्पादकही हवालदिल झाले. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारणीची औषधे त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नसत. त्याच्या मायदेशात तो एवढा माजत नाही, कारण तेथे त्याच्यावर जगणाऱ्या लहान गांधीलमाश्या आहेत. २०१० साली बेंगळुरूच्या हेब्बाळ येथील राष्ट्रीय कीटकसंशोधन संस्थेने पोर्तो रिकोहून अशा माश्यांच्या तीन जाती मागवल्या, त्या इतर उपयुक्त कीटकांना अपाय करत नाहीत याची खात्री करून घेतली आणि मग शेतकऱ्यांना वाटल्या. त्यांतील एक जात सर्वाधिक यशस्वी ठरली.

ही माशी जेमतेम मुंगीच्या डोक्याएवढी. ती माणसाला चावत नाही की पिकाला शिवत नाही. मादी पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडे घालते. अळी आतल्या आत त्याला खाऊन वाढते आणि शेवटी त्याचे रिकामे टरफल पोखरून नवी माशी बाहेर पडते. बांडगूळ झाडाला जिवंत ठेवते. ही अळी यजमानाला मारूनच मोठी होते, एवढा या दोहोंत फरक आहे. माश्या सोडल्यानंतर काही महिन्यांतच बागा सावरू लागल्या आणि फवारणीचा खर्च वाचला. ढेकूण कमी झाले तशा माश्याही कमी झाल्या. दोघांपैकी कोणीही पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. एखाद्या परसातील पपईवर चार-दोन ढेकूण दिसतात, तेथे त्यांच्या शोधात ही माशीही येते.

स्वाध्याय

१. बांडगुळाला अर्धपरजीवी आणि अमरवेलीला पूर्ण परजीवी का म्हणतात?

२. एका शेतकऱ्याने चंदनाची रोपे मोकळ्या जमिनीत लावून भोवतीचे सर्व तण काढून टाकले. पुढे काय झाले असेल? कारण लिहा.

३. 'मित्रासाठी घातलेली हाक टारफुला चोरून ऐकतो' या वाक्याचा अर्थ आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. औषध नसतानाही नारूचे निर्मूलन कशामुळे शक्य झाले?

५. 'बांडगूळ', 'गोचीड', 'जळू' हे शब्द माणसांना उद्देशून कोणत्या अर्थाने वापरले जातात? प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.

६. आपल्या परिसरातील पाच झाडे निरखून पाहा. त्यांवर बांडगूळ आढळल्यास यजमान झाडाचे नाव, गाठीची जागा, फुले-फळांचा महिना आणि त्यावर येणारे पक्षी यांची नोंद करा.